गढूळ पाण्याचा आश्विन

इरा, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, आमचा गणपती अजून आहे का गं टँकमध्ये? की संपला?"

मी म्हटलं, "बघून सांगते."

इथे दिवेलागण झाली होती, तुमच्याकडे सकाळ होती. तुझ्या मागून निहार डोकावला आणि त्याने नेहमीचं मागणं केलं, "आजी, उंदीर दाखव ना." मी फोन टाकीच्या काचेपाशी नेला. उंदीर वाळूत मिशा खुपसून बसला होता. तो तुम्हाला दिसला, तुमची शाळेची बस आली आणि फोन बंद झाला. माझं 'बघून सांगते' तसंच राहिलं. जन्मभर इंग्लिश मीडियमच्या शाळेत भूगोल शिकवताना हे वाक्य मी पुष्कळ वापरलं आहे. या वेळी मात्र खरोखरच बघायला हवं होतं. आणि बघायचं म्हणजे बाही वर करून टाकीच्या तळाशी हात घालायचा, वाळू बाजूला करायची. ते मी आजवर टाळत आले. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. लागू दे.

गणपती जवळ आले की आमच्या नारायण पेठेत फुटपाथवर मांडव पडतात आणि फळ्यांवर मूर्ती येऊन बसतात. रंगवलेल्या मूर्तींपाशी मी थांबत नाही. एखाद्या फळीवर न रंगवलेल्या, शाडूच्या, राखाडी मूर्ती असतात. तिथे पाय आपोआप थांबतात. ओल्या शाडूला वास असतो. ओल्या फडक्याने फळा पुसला की खडूचा जसा वास येई, जवळजवळ तसाच. तो आला की मला आधी माझा वर्ग आठवतो आणि पाठोपाठ तो एक आश्विन, ज्यात आमच्या घरातली प्रत्येक बादली पांढुरक्या पाण्याने भरलेली होती.

तुम्ही परदेशी निघालात त्याच्या आधीचे ते गणपती. तुमच्या वारज्याच्या घरातलं सामान बांधून झालं होतं, म्हणून त्या वर्षी गणपती आमच्याकडे बसवायचा ठरला, आणि विकतचा आणायचा नाही असं तुम्ही ठरवलंत. जेवणाच्या टेबलावर मी जुने पेपर अंथरले. अंग इराने केलं, सोंड निहारने. सोंड काही केल्या टिकेना. वाळली की गळून पडायची. शेवटी आजोबांनी काडेपेटीतली एक काडी काढली, तिचं गूल मोडून टाकलं आणि सोंडेत आतून बसवून दिली. डोळ्यांना दोन मिरे लावले. एक कान दुसऱ्याहून बराच मोठा झाला होता. मी तो सारखा करायला गेले, तर इराने माझा हात धरला. "राहू दे आजी. त्या बाजूला आम्ही बसणार आहोत. त्याला आमचं नीट ऐकू यायला हवं."

पाचव्या दिवशी विसर्जन. आजोबांनी उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागची किंचित हलवली. "झालं," ते म्हणाले, "आता देव निघाला, ही माती." मूर्तीच्या हातावर दही ठेवलं. गॅलरीत तांब्याचं घंगाळ भरून ठेवलं होतं, त्यात तुम्ही दोघांनी मिळून ती सोडली. आधी खांदे विरघळले, मग तो मोठा कान. मिरे सुटून वर तरंगू लागले तेव्हा निहार रडायला लागला.

दरवर्षी मी ती माती तुळशीच्या कुंडीत घालते. तसं म्हणाले, तर इराने मान हलवली.

"कुंडीत नको. कुंडीत ती दिसत नाही."

आणि निहार रडता रडताच म्हणाला, "गणपती पाण्यात गेलाय ना? मग त्याला पाण्यातच राहू दे."

दिवाणखान्यात तुमचा फिश टँक येऊन पडला होता. आदल्याच दिवशी तो वारज्याहून टेम्पोतून आला होता. तळाला ती निळी खडी, आणि मासा एकच उरलेला. तळ हुंगत फिरणारा, मिशाळ, बोटाएवढा. त्याला तुम्ही उंदीर म्हणत होता. आजोबांनी टँककडे पाहिलं, मग घंगाळाकडे.

"टाकीच्या तळाशी घालतो," ते म्हणाले. "वर झाडं लावतो. तिकडे गेल्यावर फोनवर बघा."

"टाकून नाही ना देणार?"

"अगं, लावणार म्हणतोय."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

तुमचं विमान पितृपक्षातलं होतं. घंगाळातली माती तेव्हा अजून पुरती खाली बसलेली नव्हती.

तुम्ही गेलात आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आजोबांच्या हृदयाचे फोटो बघून सांगितलं की पंपिंग फार कमी झालं आहे. ज्या माणसाने एका कारखान्यात नोकरीची सगळी वर्षं पंपांची ड्रॉइंग काढली, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. रिक्षात बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "दुरुस्तीतलं नाही म्हणतायत. जुना माल. जपून वापरा." मी बाहेर बघत राहिले. पाय सुजत होते, म्हणून त्यांना दिवसभरात पाणी मोजून प्यायचं होतं. मी सकाळी एक बाटली भरून त्यांच्या हाताशी ठेवायची आणि रात्रीपर्यंत तीच. त्यांच्यासमोर ती रिकामी टाकी, शेजारी अर्धी बाटली, आणि मांडीवर ड्रॉइंगचा कागद. त्या दिवसांचं हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

कागदावर त्यांनी टाकीचा छेद काढला होता. मागे तळ चार बोटं जाड, पुढे दोन, मधे सावकाश उतार. जमीन दाखवायला ड्रॉइंगमध्ये बारीक तिरप्या रेघा मारतात, तशा त्यांनी मारल्या होत्या. रेघा अजूनही सरळ होत्या. निळी खडी बाद केली, कारण तिच्या धारेने उंदराच्या मिशा झिजल्या होत्या. भिंग घेऊन त्यांनी ते मला दाखवलं. "याला मऊ वाळू पाहिजे. हा पोटासाठी दिवसभर नाक घासणार." झाडांना मात्र नुसती वाळू पुरत नाही, वाळू धुतली की तिच्यात खायला काही उरत नाही. म्हणून खाली माती आणि वर वाळू. आणि ती खालची माती कोणती, हे तर ठरलेलंच होतं.

नवरात्रात एका सकाळी त्यांनी घंगाळातला ओला गोळा टाकीच्या तळाशी थापला. सारवावं तसा हाताने पसरला, वर धुतलेली वाळू घातली, वाळूवर बशी ठेवली आणि बशीवर पाण्याची बारीक धार धरली. बराच वेळ सगळं ठीक होतं. मग वाळूतून एक पांढरा धूर वर आला, आणखी एक आला, आणि बघता बघता काचेपलीकडचं काही दिसेनासं झालं.

"अहो, याचं ताक झालंय."

"निवळेल."

दुसऱ्या दिवशी ताकच होतं. तिसऱ्या दिवशीही. मी काच पुसायला फडकं घेतलं, तर ते म्हणाले, "बाहेरून पुसून काय होणार आहे? भूगोलात हेच शिकवायचीस का?"

"भूगोलात मी गाळ शिकवायचे. तो कधी खाली बसतो आणि कधी बसत नाही, तेही शिकवायचे. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"मग आता सांग."

मी तीन काचेच्या बरण्या ओट्यावर मांडल्या. एकीत वाळू, एकीत कुंडीतली जुनी चाळलेली माती, एकीत चमचाभर शाडू. तिन्हींत पाणी घालून झाकणं लावली, हलवल्या आणि ठेवून दिल्या. पूर्वी सहावीच्या वर्गात हा प्रयोग मी दरवर्षी करायचे; मुलांना तो फार आवडायचा, कारण त्यात करायचं काही नसतं, नुसतं बघायचं असतं. वाळू हात काढेपर्यंत तळाला गेली. कुंडीतली माती संध्याकाळी बसली. शाडू बसलीच नाही. तिचे कण इतके बारीक की पाणी त्यांना सोडायला तयार नसतं. सुबक मूर्ती जिच्या मऊपणामुळे घडते, तोच मऊपणा पाण्यात गेल्यावर असा आडवा येतो. आजोबा खुर्ची ओढून बरण्यांसमोर बसले.

आता ते पाणी फेकायचं कसं? त्यात तुमची माती होती. "एक थेंब मोरीत जाता कामा नये," त्यांनी बजावलं. म्हणून रबरी नळीने टाकी उपसली आणि ते पाणी बादल्यांत भरलं. बादल्या संपल्यावर पातेल्यांत, कुकरमध्ये, शेवटी पुरणपोळीच्या परातीत. मी नीटनेटकी बाई. माझ्या स्वयंपाकघरात बरण्यांची तोंडंसुद्धा एका दिशेला असतात. त्या आठवड्यात आंघोळीला एक तांब्या मोकळा नव्हता. उंदीर कपडे भिजवायच्या टबात होता आणि कपडे तसेच पडले होते.

अशा वेळी नसीम बागवान आल्या. तुम्ही त्यांना लहानपणी पाहिलंय, शिरखुर्म्याच्या डब्यावरून तुम्हाला आठवतील. माझ्या शाळेत त्या बायॉलॉजी शिकवायच्या. आता त्यांच्या गच्चीवर टबांमध्ये पाणवनस्पती असतात. दारातच थबकल्या.

"मालतीताई, डेअरी काढली का?"

"तुमच्या भाऊजींनी काढली. मी नुसती भांडी पुरवते."

आजोबांनी त्यांना सगळं सांगितलं. मूर्ती, काडी, प्रॉमिस. नसीमताईंनी एका बादलीत बोट बुडवून चिमटीत चोळून पाहिलं.

"भाऊजी, एक विचारू? राग नका मानू. हा मासा त्या मातीवर घाण करणार. ते चालतं तुमच्यात?"

"मॅडम, उत्तरपूजा झाली. आता ती माती. आणि गणपतीजवळून उंदराला हाकलायचं म्हणता?"

नसीमताई मोठ्याने हसल्या. मग शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "झाडांना ही आवडेल, पण मोकळी सोडू नका. हिला कशात तरी बांधा. आणि हिच्यात खायला काही नाही, ते वेगळं मिसळावं लागेल." कसं बांधायचं, ते मात्र त्यांनाही सुचलं नाही.

तोवर मी एक वेगळाच उपाय केला होता. तुम्ही दोघं रोज विचारायचात, "झालं का? दिसतं का?" आणि आजोबा रोज फोन छताकडे वळवून म्हणायचे, "काम चालू आहे." त्यांच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. त्या खळग्याकडे बघताना मला वाटायचं, यांना ही टाकी हिरवी झालेली दिसायला हवी, आणि ती लवकर दिसायला हवी. म्हणून माशांच्या दुकानातून मी तयार मातीचं एक पाकीट आणलं. काळे, भाजलेले, मोहरीहून जरा मोठे दाणे. ते पाण्यात विरघळत नाहीत, आणि त्यात सगळं भरलेलं असतं. दुकानदाराने सांगितलं होतं की पंधरवड्यात झाडं उसळतात.

मी ते टेबलावर ठेवलं. "हे घालू. एका कोपऱ्यात पोरांची माती थोडी घालू, नावाला. दिवाळीपर्यंत टाकी भरून जाईल."

त्यांनी चष्मा लावून पाकीट वाचलं. मागचा, पुढचा, सगळा मजकूर. इंग्लिश अक्षरं बारीक होती, तरी मला वाचायला दिलं नाही.

"यातलं खत किती टिकतं?"

"दीड-दोन वर्षं, असं म्हणाला."

"आणि मग?"

"मग उपसायचं आणि नवीन घालायचं."

"कोण उपसणार?"

मी पाकिटाचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिले.

"तुझा खांदा वर जात नाही. पोरं तिकडे. दोन वर्षांनी ही टाकी कोण उपसणार आहे?" आवाज अगदी साधा होता, जिन्यातला बल्ब कोण बदलणार, असं विचारावं इतका. "पुन्हा हात घालावा लागणार नाही असं काहीतरी कर. सावकाश होऊ दे. मला घाई नाही."

तोवर आम्ही दोघंही टाकी दिवाळीसाठी होते आहे असं बोलत होतो. ते मात्र तळ ठरवताना पुढची कितीतरी वर्षं धरून चालले होते, आणि त्या वर्षांत त्यांनी स्वतःला धरलेलं नव्हतं. मी पाकीट कपाटात ठेवलं आणि उगाच कणीक मळायला घेतली. भूक कोणालाच नव्हती.

कणीक मळतानाच मला ते सुचलं. सांडगे. मुगाची वाटलेली डाळ पातळ असते तोवर पाण्यात पसरते. तीच तोडून, घालून, उन्हात खडखडीत वाळवली की आमटीत शिजूनही आकार सोडत नाही. माती काही डाळ नव्हे, पण बांधायचं कसं याचं उत्तर माझ्या हातांत होतं आणि मी ते दुकानात शोधत होते.

बादल्या कितीतरी दिवस न हलवता ठेवल्यावर शाडू सावकाश खाली बसली, आणि वरचं पाणी काढत काढत ती एका पातेल्यात गोळा झाली. ती पंच्यावर पसरून सुकवली, कुटली आणि पुरण गाळायच्या जुन्या चाळणीतून चाळली. चाळताना काहीतरी अडकलं. ती सोंडेतली काडी होती. पाण्यात राहून फुगली होती, पण मोडली नव्हती. मी ती आजोबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली, पेन ठेवतात तशी, आणि वर हात दाबून धरला.

मग आम्ही गोळ्या वळल्या. शाडूत मुरलेलं शेणखत मिसळलं, पाण्याचा हात लावत सुपारीएवढ्या वळल्या. त्यांच्या गोळ्या सारख्या आणि गोल, माझ्या लांबट. "तू सांडगे घालतेयस," ते म्हणाले. "आणि तुम्ही बेअरिंगच्या गोळ्या करताय." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एका कामाला बसलो होतो. त्यांना दम लागायचा, मग थांबायचे, मग पुन्हा वळायचे. आश्विनातलं ऊन गॅलरीत असं येई की फरशीवर पाय ठेवता येऊ नये. तिथे जुनी चादर अंथरून गोळ्या मांडल्या. वाळायला लागल्यावर त्या फिकट झाल्या, मग चक्क पांढऱ्या.

परतीचा पाऊस त्या वर्षी लांबला होता. एका दुपारी मी खाली औषधं आणायला गेले होते. आभाळ एकदम अंधारलं, वारा सुटला, आणि मी दुकानाच्या पायरीवरूनच धावत सुटले. आमच्या तीन मजल्यांना लिफ्ट नाही. दार उघडलं तर आजोबा दिवाणखान्यात जमिनीवर बसले होते, पाठ सोफ्याला, पाय पुढे पसरलेले. ओठ निळसर. समोर चादर होती, गॅलरीच्या दारातून आत ओढून घेतलेली, आणि दाराबाहेर आडवा पाऊस लागला होता. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी चादरीवरच्या गोळ्यांवरून हात फिरवून मला दाखवलं: कोरड्या.

मी जिभेखालची गोळी दिली आणि शेजारी जमिनीवर बसले. श्वास ताळ्यावर यायला पाऊस थांबेपर्यंतचा वेळ गेला.

"एकही भिजली नाही," शेवटी ते म्हणाले.

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर?"

"मग तू मला ओरडली असतीस, आत्ता ओरडतेयस तशीच."

मी ओरडत नव्हते. मी त्यांचा हात धरला होता. बाहेर गटारं वाहत होती, रस्त्यावर स्वारगेटच्या बसेस अडकून हॉर्न वाजवत होत्या, आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं जमिनीवर बसून मातीच्या गोळ्या बघत होतो. तुम्ही मोठे झालात की कधीतरी असं बसाल. तेव्हा बोलायची घाई करू नका.

टाकी शेवटी दिवाळीच्या तोंडावर लागली. तळाला कुंडीतल्या चाळलेल्या मातीचा पातळ थर. त्यावर नदीची मऊ, बिनधारेची वाळू, तांदूळ धुवावेत तशी पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. नसीमताईंनी त्यांच्या टबातली रोपं आणली. रुंद, तपकिरी-हिरव्या पानांची. "हिच्या बहिणी कोकणात ओढ्यांत असतात," त्या म्हणाल्या. "लावल्यावर पानं सडतील. घाबरायचं नाही. उपटून बघायचं तर अजिबात नाही. ती मुळं धरत असते."

आजोबांचा हात तळापर्यंत पोचेना, उभं राहवेना. म्हणून ते काचेसमोर बसले आणि मी स्टुलावर चढून, डावा हात पाण्यात घालून, एकेक गोळी वाळूत खोल खुपसत गेले.

"थोडं मागे. अजून. आता डावीकडे. तिथे. दाब."

काचेतून त्यांना माझी बोटं दिसत होती, मला त्यांचं वरून विरळ झालेलं डोकं दिसत होतं. शेवटची गोळी खोचली तेव्हा त्यांनी खिशातून ती काडी काढून माझ्या ओल्या हातात दिली. "हीपण. मधल्या झाडाखाली."

पाणी भरलं. आम्ही दोघंही धूर येण्याची वाट बघत बसलो. आला नाही. उंदीर सोडला, तो तळाला गेला, मिशा टेकवल्या आणि वाळू फुंकत निघाला. त्याच्यामागे पाणी नितळच राहिलं. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता येत होतं. आजोबांनी ते मोठ्याने वाचलं. वार, तिथी, सगळं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुम्ही फोनवर टाकी पाहिलीत. इराने विचारलं, "झाडं अशी मेल्यासारखी का आहेत?" पानं खरंच सडायला लागली होती, कडा पारदर्शक होऊन गळत होत्या. आजोबा म्हणाले, "ती राहायला आलीयेत ना नवीन. तुम्हाला तिकडे झोप लागत नाही ना अजून? तसंच." मग म्हणाले, "वाट बघा."

थंडी पडायला लागली तेव्हा ते गेले. तुम्हाला यायला जमलं नाही. त्याबद्दल तुमच्या बाबाला अजूनही वाईट वाटतं, त्याला वाटू देऊ नका. दिवसकार्याच्या गर्दीत टाकीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पाहुणे पांगले, मी रिकामं घर झाडायला घेतलं, आणि वाकले तर मधल्या झाडाच्या बुंध्यातून एक पान वर आलं होतं. गुंडाळलेलं, काडीएवढं. मी हाक मारायला तोंड उघडलं, "अहो…" आणि मग केरसुणी हातात घेऊन तिथेच उभी राहिले.

त्यानंतर मी तळाला कधीच हात लावला नाही. पाणी बदलते, काच घासते, जुनी पानं कात्रीने कापते. झाडं आता मागच्या काचेवर दाटीने चढली आहेत. मधून मधून वाळूतून नवीन रोप स्वतःच डोकं काढतं, मी न लावलेल्या जागी. ते तयार मातीचं पाकीट अजून कपाटात आहे. दोन वर्षं केव्हाच उलटली, टाकी कधी उपसावी लागली नाही. त्यांचा हिशेब बरोबर निघाला.

आणि तरी तुझ्या प्रश्नाने मला परवापासून झोपू दिलं नाही, इरा. संपला का? आज सकाळी मी टाकीचा दिवा बंद केला, स्टूल घेतलं, बाही दंडापर्यंत चढवली. खांदा आता आणखी दुखतो. दुसऱ्या हाताने तो हात उचलून काठावर ठेवावा लागला. उंदीर कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे बघत राहिला. मी मधल्या झाडाच्या बुंध्याशी दोन बोटं घातली आणि वाळू हळूच बाजूला केली. थोडं मागे. अजून. आता डावीकडे. तिथे.

गोळी लागली नाही. काडी लागली नाही. बोटांना लागली ती मुळं. बारीक, घट्ट, एकमेकांत विणलेली. जिथे गोळी खोचली होती तिथे मुळांचीच एक मूठ झाली होती, सुपारीएवढी. मी ती ओढून पाहिली नाही. नुसता हात ठेवला. हात काढला तेव्हा बोटांना माती नव्हती आणि पाणी नितळ होतं.

तर उत्तर असं आहे. गणपती टाकीतच आहे, पण आता तळाशी शोधू नका. पुढच्या वेळी फोन केलात की निहारने उंदीर मागायच्या आधी मी तुम्हाला मधलं झाड दाखवीन. त्याचं एक पान इतरांपेक्षा बरंच मोठं आहे, आणि ते तुमच्या बाजूला आहे.